मोठे चाक आणि गोदोहनन्याय

विकत घेतलेली वस्तू जशी तयार होऊन आली तशीच वापरावी की आपल्या आवडीप्रमाणे तिचे एखादे अंग बदलावे, हा प्रश्न वरवर पाहता रुचीचा आणि ऐपतीचा वाटतो. परंतु ज्या वस्तूचा वापर इतरांच्या जीविताशी जोडलेला असतो तिच्या बाबतीत तो कर्तव्याकर्तव्याचा, म्हणजेच धर्मनिर्णयाचा, प्रश्न होतो. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत कंपनीने दिलेली चाके उतरवून त्यांच्या जागी अधिक व्यासाची, अधिक रुंद आणि मिश्रधातूची चाके, ज्यांना बोलीत मॅगव्हील किंवा अलॉय म्हणतात ती, बसवण्याची हौस आता मोठ्या शहरांइतकीच रुजलेली आहे. कृष्णाकाठच्या उसाने आलेली सुबत्ता, पुणे–बंगळूर महामार्गाचे सान्निध्य आणि गावात गाडीला मिळणारा मान ही या हौसेची कारणे उघड दिसतात. तिचे समाजशास्त्र स्वतंत्रपणे मांडता येईल. येथे विचार करायचा आहे तो एवढाच की अशा इच्छेला धर्मविचारात स्थान आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या अटींवर आहे.

या प्रश्नाला बहुधा दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की गाडी ज्याची, पैसा ज्याचा, त्याचीच आवड प्रमाण मानावी आणि इतरांनी तीत लक्ष घालू नये. दुसरे उत्तर वैराग्याच्या परंपरेतून येते : गरजेपलीकडची प्रत्येक इच्छा बंधनकारक असते, म्हणून दिखाव्यासाठी चाके बदलणे हा मनाचा दोष होय आणि विवेकी माणसाने तो टाळावा. ही उत्तरे परस्परविरोधी दिसतात, तरी दोहोंत एकच उणीव आहे. दोन्ही उत्तरे मालकाच्या मनाकडेच पाहतात, एक त्या मनाला मोकळीक देते आणि दुसरे त्याला आवरते. चाकाकडे मात्र कोणीच पाहत नाही. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे आहे की या इच्छेची योग्यता तिच्या तीव्रतेवरून किंवा हेतूच्या शुद्धतेवरून ठरत नसून, बदललेले अंग मूळ अंगाचे काम पुरेपूर करते की नाही आणि बदलाने निर्माण झालेला भार कोणाच्या अंगावर पडतो, या दोन गोष्टींवरून ठरते.

चाक बदलल्याने काय काय बदलते

प्रतिपादनाला आधार म्हणून आधी वस्तुस्थिती समजून घेणे आवश्यक आहे. एखाद्या मध्यम गाडीच्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे अंक असतील, तर त्यांतील पहिला अंक टायरची मिलिमीटरमधील रुंदी सांगतो, दुसरा अंक टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती आहे ते सांगतो, १५ हा रिमचा इंचातील व्यास असतो, ८८ हा भारांक म्हणजे एका टायरने ५६० किलोपर्यंत वजन पेलावे असा संकेत असतो आणि एच हे अक्षर ताशी २१० किलोमीटर ही वेगमर्यादा दाखवते. या मापांवरून पूर्ण चाकाचा बाहेरील व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर निघतो. त्याऐवजी १७ इंची रिमवर २१५/४५ मापाचा टायर बसवला तर बाहेरील व्यास सुमारे ६२५ मिलिमीटर होतो, म्हणजे मूळ मापाच्या अगदी जवळ राहतो. धातूचा भाग वाढतो आणि रबराची भिंत १२० मिलिमीटरवरून ९७ मिलिमीटरवर येते. मोठे चाक बसवताना बाहेरील व्यासातील फरक साधारणपणे तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा जो जाणकारांचा दंडक आहे त्याचे मर्म हेच की रिम वाढला तरी चाकाची एका फेऱ्यातली चाल बदलू नये.

हा दंडक मोडला तर काय घडते ते हिशेबाने दाखवता येते. त्याच गाडीला २०५/६५ आर १६ मापाचे टायर बसवले तर व्यास सुमारे ६७३ मिलिमीटर होतो, म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक वाढतो. मूळ चाकांवर वेगदर्शक अचूक होता असे धरले, तर तो ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ८६ किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते; इंजिनाचा तोच जोर रस्त्यावर सात-आठ टक्के कमी लागू होतो; आणि ब्रेकने चाकावर लावलेले तेच बल गाडी थांबवण्यास तेवढ्याच प्रमाणात कमी पडते. खंबाटकीचा चढ, वाईहून पाचगणीकडे जाणारा पसरणीचा घाट किंवा कराडहून चिपळूणकडे उतरणारा कुंभार्ली घाट अशा ठिकाणी भरलेल्या गाडीला चढताना लागणारा जोर आणि उतरताना लागणारा आवर या दोहोंतील ही घट कागदावरची राहत नाही.

भाराचा हिशेब याहून सूक्ष्म आहे. वर सांगितलेल्या २१५/४५ आर १७ मापाच्या साध्या टायरचा भारांक ८७ असतो आणि तो ५४५ किलो पेलतो. म्हणजे दिसायला रुंद आणि भक्कम असलेला हा टायर मूळ टायरपेक्षा पंधरा किलो कमी वजनाचा अधिकारी असतो. त्याच मापात अधिक भार पेलणारा, ९१ भारांकाचा टायर मिळतो आणि तो ६१५ किलो पेलतो, परंतु त्यासाठी त्यात हवाही अधिक दाबाने भरावी लागते. दृष्टीला जे बलवान वाटते ते बलवान असेलच असे नाही, हे येथे मापानेच सिद्ध होते.

चाक गाडीला जेथे जोडले जाते तेथेही तीन मापे जुळावी लागतात. बोल्टांचे मध्यबिंदू ज्या कल्पित वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. अनेक लहान गाड्यांत चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, तर अनेक मोठ्या गाड्यांत पाच बोल्ट ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर. रिमच्या मधले भोक हबच्या उंचवट्यावर नेमके बसावे लागते आणि ते मोठे असेल तर मधली फट भरून काढणारी कडी घालावी लागते, कारण चाक मध्यावर धरून ठेवण्याचे काम हबने करायचे असते. तिसरे माप ऑफसेटचे, म्हणजे रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतराचे. हा ऑफसेट कमी केला की चाक बाहेर येते आणि गाडी रुंद व दमदार दिसते, परंतु बेअरिंगवर पडणाऱ्या भाराची तरफ लांबते, स्टिअरिंगला खड्ड्याचे हिसके अधिक बसतात आणि मडगार्डच्या बाहेर आलेले चाक मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर खडी व चिखल उडवते.

याशिवाय वजनाचा प्रश्न आहे. चाक हे स्प्रिंगच्या खालचे वजन असते, त्यामुळे ते वाढले की रस्त्याचा प्रत्येक धक्का झेलणे शॉकअब्सॉर्बरला अधिक जड जाते. शिवाय चाक पुढे सरकते तसेच स्वतःभोवती फिरतेही, म्हणून त्याच्या कडेवर वाढलेला एक किलो गाडीचा वेग वाढवताना किंवा थांबवताना आसनावर ठेवलेल्या दोन किलोंइतका जाणवतो. रबराची भिंत बुटकी झाल्याने वळणावर गाडी अधिक तत्परतेने वळते, हा लाभ खराच आहे. पण तीच भिंत खड्ड्याचा मार रिमपर्यंत पोहोचू न देण्याचेही काम करत असते. कोयना–पाटण खोऱ्यातील पावसाळी रस्ते आणि सांगलीकडील काळ्या मातीत खचणारे रस्ते लक्षात घेता, भिंतीचे तेवीस मिलिमीटर कमी होणे म्हणजे रिमला पोचा येण्याचा किंवा टायरला फुगा येण्याचा संभव वाढणे होय.

अंग आणि प्रधान

भारतीय तत्त्वचिंतनाने रथाचा उपयोग वारंवार केला आहे. कठोपनिषदातील प्रसिद्ध रूपकात शरीर हा रथ, आत्मा हा रथी, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम, इंद्रिये हे घोडे आणि विषय हे मार्ग मानले आहेत. त्या सबंध रूपकात चाकांना स्वतंत्र स्थान दिलेले नाही, कारण तेथे प्रश्न नियंत्रणाचा आहे, वाहून नेण्याचा नाही. पाली भाषेतील मिलिंदप्रश्नात भिक्षू नागसेन ग्रीक वंशाच्या मिलिंद राजाला रथाच्या एकेका भागाविषयी विचारून हे मान्य करायला लावतो की चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, आणि या भागांहून वेगळा असा रथही कोठे सापडत नाही. या युक्तिवादाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की चाक बदलल्याने गाडीचे स्वत्व मुळीच बदलत नाही, कारण असे स्वत्व मुळातच नाही. परंतु भागांच्या परस्परसंबंधाला रथ म्हणतात असे मानले, तर एक भाग बदलताच सर्व संबंध पुन्हा जुळवावे लागतात हेही त्यातूनच निष्पन्न होते. नागसेनाचा विचार मोकळीक देत नाही. तो प्रत्येक भागाची जबाबदारी वाढवतो.

तरीही संबंध कसे जुळवावेत याचे नियम तेथे मिळत नाहीत. ते मिळतात पूर्वमीमांसेत, आणि या शास्त्राच्या अर्वाचीन अध्ययनाचे एक मोठे केंद्र सातारा जिल्ह्यातच आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वती यांनी सिद्ध केलेला मीमांसाकोश १९५२ पासून सात खंडांत प्रसिद्ध झाला आणि जैमिनीच्या सूत्रांपासून पुढे शेकडो वर्षे चाललेला हा विचार त्यामुळे अभ्यासकांना एकत्र पाहता आला. मीमांसा यज्ञाविषयी बोलते, परंतु ती वस्तुतः एका जटिल क्रियेतील मुख्य आणि गौण यांचा संबंध कसा ओळखावा, कोणते अंग कशासाठी आहे आणि एक अंग बदलले तर बाकीच्यांचे काय करावे, याचे अत्यंत काटेकोर तर्कशास्त्र आहे. जे दुसऱ्यासाठी असते ते अंग आणि ज्याच्यासाठी असते ते प्रधान, ही तिची मूळ विभागणी होय.

अंगांचेही ती दोन प्रकार करते. जे यज्ञ पूर्ण व्हावा म्हणून असते ते क्रत्वर्थ, आणि जे यज्ञ करणाऱ्या पुरुषाची एखादी इच्छा पूर्ण व्हावी म्हणून असते ते पुरुषार्थ. या भेदाचे एक प्रसिद्ध उदाहरण दर्शपूर्णमास यागातील आहे. त्या यागात पाणी पुढे नेण्याचे एक कर्म असते आणि ते एरवी चमस नावाच्या लाकडी पात्राने केले जाते. परंतु ज्याला पशुसंपत्तीची इच्छा आहे त्याने त्याऐवजी गोदोहन, म्हणजे गाय दोहण्याचे भांडे, वापरावे असे विधान आहे. जैमिनीच्या चौथ्या अध्यायात या भांड्याचा विचार येतो आणि निर्णय असा होतो की गोदोहन हे यज्ञाच्या पूर्ततेसाठी नसून यजमानाच्या इच्छेसाठी आहे. तथापि ते भांडे बाजूला शोभेसाठी ठेवायचे नसते. चमस जे काम करीत होता ते, म्हणजे पाणी नेण्याचे काम, त्यानेच करायचे असते. इच्छेचे फल मिळते ते त्या कामाच्या आश्रयानेच. पाणीच नेले नाही तर इच्छाही निराधार राहते.

हौसेने बसवलेल्या चाकाला हा न्याय अचूक लागू पडतो. कंपनीचे चाक हे चमसासारखे, गाडीच्या कार्यासाठी आहे. मोठे चाक हे गोदोहनासारखे, मालकाच्या आवडीसाठी आहे. मीमांसक त्या आवडीला नाव ठेवत नाही, तिला लपायलाही लावत नाही. ती आवड आहे हे स्पष्ट मान्य करून तो एकच अट घालतो की पाणी नेले गेले पाहिजे. चाकाच्या बाबतीत पाणी नेणे म्हणजे भार पेलणे, गाडी वळवणे, थांबवणे आणि तिच्या वेगाचा खरा हिशेब चालकाला देणे. बाहेरील व्यास, भारांक, हबवरील बैठक, पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर व गाडी पूर्ण भरल्यावर टायर कोठेही न घासणे, ही सर्व मापे म्हणजे त्या एका अटीचाच विस्तार आहे.

या न्यायाचे दुसरे अंग तितकेच महत्त्वाचे आहे. गोदोहन पुरुषार्थ असल्यामुळे ज्याला ती इच्छा नाही त्याच्या यागात ते नसल्याने काहीही उणे राहत नाही. चमसाने केलेला याग संपूर्णच असतो. म्हणून साध्या चाकांची गाडी ही अपुरी गाडी आहे, मित्रांच्या गाड्यांना मोठी चाके आली म्हणून आपणही कर्ज काढून ती बसवलीच पाहिजेत, असे जेव्हा एखाद्या तरुणाला वाटू लागते, तेव्हा पुरुषार्थ अंगाला क्रत्वर्थाचे स्थान दिल्याचा दोष घडतो. इच्छा असणे हा दोष नाही. इच्छेला आवश्यकता समजणे हा विचारातील दोष आहे आणि तो दूर करता येतो.

मीमांसेच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा, म्हणजे विहित द्रव्याच्या जागी घ्यायच्या पर्यायाचा, विचार आहे. भात न मिळाल्यास नीवार म्हणजे रानभात चालतो, कारण तो त्याच्याशी सदृश आहे. परंतु देवता, अग्नी आणि मंत्र यांना प्रतिनिधी नसतो. चाकातही असेच दोन वर्ग पडतात. रिमचा रंग, आऱ्यांची रचना, धातू आणि काही प्रमाणात रुंदी यांना पर्याय आहेत. बोल्टांचे वर्तुळ, नटाच्या बैठकीचा आकार आणि भारांकाची किमान मर्यादा यांना पर्याय नाही. न जुळणारी भोके घासून मोठी करणे किंवा शंकूच्या आकाराच्या बैठकीत गोल बैठकीचा नट आवळणे म्हणजे ज्याला प्रतिनिधीच नाही त्याला प्रतिनिधी देणे होय, आणि त्याचे फळ चाक निखळण्यात मिळू शकते.

उत्तरदायित्व कोणाचे याविषयीही हे शास्त्र स्पष्ट आहे. यज्ञातील बहुतेक कर्मे ऋत्विज, म्हणजे दक्षिणा देऊन आणलेले पुरोहित, करतात. फल मात्र ज्याने संकल्प केला त्या यजमानाला मिळते. चाके बसवणारा कारागीर मोबदला घेऊन काम करतो आणि ते नीट करणे हे त्याचे स्वतंत्र कर्तव्य आहे : नट आडव्या-उभ्या क्रमाने, पुस्तिकेत दिलेल्या बलानेच टॉर्क पान्याने आवळणे, बॅलन्सिंग व अलाइनमेंट करणे, आणि पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला बोलावणे. परंतु निवड ज्याची, फळही त्याचेच. ‘दुकानदार म्हणाला बसेल’ हे वाक्य यजमानाला त्याच्या संकल्पातून मोकळे करत नाही.

भार कोणावर पडतो

येथपर्यंत मीमांसा मार्ग दाखवते. पुढे मात्र तिची मर्यादा लागते. यज्ञात संकल्प करणारा आणि फल भोगणारा एकच असतो. रस्त्यावर तसे नसते. लोणंद–फलटण मार्गाने आषाढीत चालणारी दिंडी, हंगामात पहाटे कारखान्याकडे निघालेली उसाची गाडी, मागच्या आसनावर झोपलेले मूल, यांपैकी कोणीही त्या चाकांचा संकल्प केलेला नसतो; तरी ब्रेक कमी लागला तर त्याचे फळ त्यांच्या वाट्याला येते. म्हणून अंग मूळ काम करते काय, या प्रश्नाला दुसरा प्रश्न जोडावा लागतो : बदलाचा भार कोण वाहतो?

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही, कारण चाक बदलण्याचा एक फार मोठा प्रयोग याच जिल्ह्यांच्या रस्त्यांवर पूर्वीच झाला आहे. जुन्या बैलगाडीचे चाक उंच, लाकडी, आऱ्यांचे आणि लोखंडी धाव चढवलेले असे; सुतार आणि लोहार मिळून ते घडवत. त्याच्या जागी हवेचे टायर आणि बेअरिंग असलेले कमी उंचीचे चाक आले व टायरगाडी रूढ झाली. हा बदल अंगाच्या दृष्टीने निर्दोष, किंबहुना श्रेष्ठ होता : चाक सहज फिरू लागले, रस्त्याची नासाडी कमी झाली, बैलाला तेच वजन ओढणे हलके झाले. परंतु वजन तेच राहिले नाही. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना असो वा साखराळ्याचा राजारामबापू कारखाना, हंगामात अशा गाड्यांवर दोन टन आणि त्याहूनही अधिक ऊस रचलेला दिसतो. तोडणी-वाहतुकीची मजुरी टनावर ठरत असल्याने गाडीवानालाही अधिक भरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. चाकाने दिलेली सवलत बैलाकडे न जाता भाराकडे गेली.

कायद्याने ही गोष्ट ओळखलेली आहे. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांत मोठ्या बैलाच्या दुचाकी गाडीसाठी हवेचे टायर नसल्यास ९०० किलो आणि असल्यास १,३५० किलो अशी मर्यादा आहे, आणि लांब व तीव्र चढाच्या वाटेवर ती निम्म्यावर आणली आहे. चाकाचा प्रकार बदलला की जनावराच्या वाट्याची न्याय्य मर्यादा पुन्हा मोजावी लागते, हे तत्त्व त्या आकड्यांत आहे. सुधारलेले चाकही, त्याच्या लाभाची वाटणी कोणी विचारपूर्वक केली नाही तर, ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर भार टाकते. मग ज्या बदलात कार्याची सुधारणा नसून केवळ दर्शनाची आवड आहे, त्यात ही विचारणा किती अधिक आवश्यक आहे हे सांगायला नको.

ही विचारणा कशी करावी याचे शिक्षण जैन गृहस्थधर्मात फार बारकाईने दिलेले आहे, आणि सांगलीच्या परिसरात शेती व व्यापार करणाऱ्या दिगंबर जैन समाजाची वस्ती मोठी असल्याने हा विचार या भूमीला परका नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात गृहस्थाच्या तीन गुणव्रतांत भोगोपभोगपरिमाण आणि अनर्थदंडविरती यांचा समावेश आहे. एकदाच भोगून संपते ते भोग आणि पुन्हा पुन्हा वापरता येते ते उपभोग. दोहोंना गृहस्थाने स्वतः मर्यादा घालून घ्यावी, असे पहिले व्रत सांगते. मर्यादा कोणती हे ते व्रत बाहेरून लादत नाही, ती विचारपूर्वक ठरवावी आणि पाळावी एवढेच सांगते. दुसरे व्रत प्रयोजनावाचून घडणाऱ्या हिंसेपासून दूर राहण्याचे आहे आणि तिच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या, म्हणजे बेसावधपणाने केलेले वर्तन, मोजलेले आहे. येथे एक मार्मिक भेद दिसतो : दोष वस्तूत नाही, दुष्ट हेतूतही असेलच असे नाही, जे सहज जाणता आले असते ते न जाणता वागण्यातही तो आहे. भारांक न पाहता टायर निवडणे, घासणारी बाजू दिसत असून गाडी पळवणे, नट पुन्हा न तपासणे ही याच प्रकारातली वर्तने आहेत.

दोन आक्षेप

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की अशा विचाराने प्रत्येक नव्या गोष्टीला अडवले जाईल. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचा इतिहास हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला लावतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर १९१० मध्ये ही वसाहत उभारली. त्यांचा लोखंडी नांगर बाजारात आला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि ती दूर व्हायला मोठा काळ लागला. जुन्या अंगाला केवळ जुने म्हणून पवित्र मानणे हा अविचारच होता. परंतु वरील दोन कसोट्या त्या नांगराला लावल्या तर तो दोहोंत उतरतो : मूळ अंगाचे काम तो अधिक चांगले करतो आणि त्याच्या वापराचा भार ज्याने तो निवडला त्या शेतकऱ्याच्या नजरेखालीच राहतो. म्हणून या कसोट्या बदलाच्या विरोधात नाहीत. न पाहता केलेल्या बदलाच्या विरोधात आहेत. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ हे याच दिशेचे पहिले कुंपण आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ काटेकोरपणे लावला. कुंपणाच्या आत राहणे आवश्यक आहे, पण विवेकाचे काम तेवढ्याने संपत नाही.

दुसरा आक्षेप सौंदर्याच्या बाजूने येतो : भव्यतेची ओढ ही मानवी मनाची श्रेष्ठ ओढ आहे, तिला मापांत का जखडावे? या आक्षेपाला उत्तर म्हणून तासगावचा रथ पाहावा. परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या गणपती मंदिरातून ऋषिपंचमीला निघणारा तो उंच रथ भाविक दोरांनी ओढत काशीविश्वेश्वराच्या मंदिराकडे नेतात. सातारा जिल्ह्यात म्हसवडला सिद्धनाथाचा आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ अशाच श्रद्धेने निघतो. या रथांची भव्यता उपयोगाच्या हिशेबात कोठेच बसत नाही, देवाला न्यायला लहान पालखीही पुरली असती. तरी ती भव्यता कोणाला अन्यायाची वाटत नाही, याचे कारण तिच्या भाराच्या वाटणीत आहे. दिवस ठरलेला असतो, मार्ग ठरलेला असतो, चाल माणसाच्या पावलाची असते आणि जो दोराला हात लावतो तो आपण होऊन लावतो. तेथे शोभा आणि भार एकाच समुदायाचे असतात. मोटारीच्या मोठ्या चाकात शोभा एकाची आणि भार अनेकांचा होण्याचा संभव असतो, एवढाच त्या दोन भव्यतांमधील नैतिक फरक आहे. आणि तो संभव जेथे ज्ञानाने व दक्षतेने नाहीसा केला जातो तेथे ती शोभाही निर्दोष ठरते.

निर्णय

यावरून निवडीचा एक क्रम निष्पन्न होतो. प्रथम मालकाने स्वतःशी स्पष्ट मान्य करावे की हा बदल आपल्या आवडीसाठी आहे, गाडीच्या गरजेसाठी नाही. आवडीला गरजेचा वेष दिला की पुढचे सर्व हिशेब ढिले होतात. दुसऱ्या पायरीवर त्याने आपल्या आवडीला मर्यादा घालून घ्यावी : त्याच गाडीच्या वरच्या प्रतीला निर्माता जे माप देतो तेथपर्यंत जाणे, हा बहुधा सर्वांत सुरक्षित असा मध्य असतो. तिसऱ्या पायरीवर पर्याय असलेली आणि पर्याय नसलेली मापे वेगळी करावीत आणि दुसऱ्या वर्गात तडजोड करू नये, मग हवा तो नमुना हातचा गेला तरी चालेल. चौथ्या पायरीवर, वाढलेले वजन, कमी झालेली रबराची भिंत आणि बदललेला थांबण्याचा अंदाज ध्यानात घेऊन आपली चालवण्याची रीतही बदलावी, कारण अंग बदलल्यावर बाकीची क्रिया जशीच्या तशी ठेवणे हे शास्त्रालाही मान्य नाही आणि रस्त्यालाही. शेवटी विमा कंपनीला हा बदल कळवावा. लपवलेला बदल हा आपण उत्तर द्यायला तयार नसल्याचाच पुरावा असतो.

वैराग्य सांगते की इच्छा सोडावी, आणि ज्याला ते साधते त्याच्यासाठी तो मार्ग खुला आहेच. परंतु गृहस्थाच्या धर्माची कसोटी इच्छा सोडण्यात जितकी आहे, त्याहून अधिक ती इच्छा बाळगताना तिचा पूर्ण भार स्वतः उचलण्यात आहे. सातारा–सांगलीच्या ज्या तरुणाला आपल्या गाडीचे चाक मोठे असावे असे वाटते, त्याला ती आवड सोडायला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्या चाकाविषयी रस्त्यावरील कोणीही विचारील त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ असले पाहिजे, असे सांगण्याचा अधिकार त्या रस्त्यावरील प्रत्येकाला आहे. ज्याच्याजवळ ते उत्तर आहे त्याने मोठे चाक निःशंक मनाने बसवावे आणि त्याचा आनंद घ्यावा. ज्याच्याजवळ ते नाही त्याने ते मिळेपर्यंत मूळ चाकांवरच गाडी चालवावी, आणि तिच्यात काही उणे आहे असे मानू नये.